पट्टा घरचा, तरी तलवारबाजी हवी

राज्य शासनाने २०२४ मध्ये दंडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरू लागला की गर्दी हटत नाही, आणि मग कुणीतरी विचारतेच : घरचा पट्टा असताना शाळेत युरोपची तलवारबाजी कशाला? प्रश्न रास्त आहे, पण वारसा असला की खेळ आपोआप उभा राहतो हे त्यामागचे गृहीतक टिकत नाही. युरोपातही तसे झाले नाही. इटलीत मारोत्सो, अग्रिप्पा या उस्तादांनी सोळाव्या शतकात शस्त्रविद्येचे ग्रंथ लिहिले, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये जाळीचा मुखवटा आला आणि सरावात डोळे वाचू लागले, १९१३ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला. या खेळाच्या तीन प्रकारांपैकी फॉइलमध्ये फक्त धडावरचा स्पर्श धरायचा, सेबरमध्ये कमरेच्या वरचा, एपेमध्ये मात्र डोक्यापासून पायापर्यंत कुठलाही, कारण द्वंद्वात पहिले रक्त कुठूनही निघाले तरी निकाल लागत असे. जीव घेणारी विद्या गुणफलकावर आणायला अशी पिढ्यान्‌पिढ्यांची खटपट लागली. परकेपणाचेच म्हणाल, तर युरोपातून आलेल्या पात्यांना इथली मूठ बसवून मराठ्यांनी फिरंग कधीच वापरली होती. शस्त्र कुठले, याचा त्यांनी बाऊ केला नाही.

वारसा पुरेसा नसतो, हे आपल्याकडचा पुरावाही सांगतो. भवानीदेवी ही ऑलिम्पिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय तलवारबाज. टोकियोत तिने पहिली लढत १५-३ अशी जिंकली, दुसरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७-१५ अशी हरली. चेन्नईच्या शाळेत तिने सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांनी केला. पुढे घडली ती केरळातल्या थलश्शेरीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात. थलश्शेरी काही महानगर नव्हे. मराठवाड्यातही या खेळाचे ठाणे छत्रपती संभाजीनगरला आहे, ते तिथल्या साई केंद्रामुळे. मार्गदर्शक, वसतिगृह आणि रोजचा सराव जिथे मिळाला तिथे खेळाडू निघाले. बीड जिल्ह्यातल्या आमच्या पाटोद्यात तलवारबाज दिसत नसतील तर कारण इथेच शोधावे. रक्तात काय आहे याची चर्चा मिरवणुकीपुरती ठीक.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. मुखवटा, जॅकेट, विजेवर चालणारे पाते, गुण दाखवणारे यंत्र, हे ऊसतोड कामगाराच्या घराला झेपणारे नाही. सुरक्षेत काटकसरही चालत नाही : १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत तुटलेले पाते मुखवट्यातून आत घुसून स्मिर्नोव हा ऑलिम्पिक विजेता गेला, तेव्हापासून पोशाख आणि पात्यांचे निकष कडक झाले. म्हणून साहित्य शाळेचे असावे, आळीपाळीने वापरावे. जागेचे म्हणाल तर लढतीची पट्टी १४ मीटर लांब आणि दीड-दोन मीटर रुंद. पाण्याची मारामार असलेल्या तालुक्यात हिरवळीचे मैदान जपण्यापेक्षा एक सभागृह सोपे. मुले स्पर्धेकडे वळतात ती वाढीव गुणांसाठी आणि नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी, असे हेटाळणीने म्हटले जाते. वळू द्यात की! दुष्काळी भागातल्या मुलाने खेळातून नोकरी मागितली तर त्यात कमीपणा कसला? दोष प्रमाणपत्रापुरता खेळ दाखवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

यंत्राच्या दिव्यांवर गुण मोजणाऱ्या खेळात जुन्या विद्येचा डौल हरवतो, ही तक्रार युरोपातले जुने उस्तादही करत आले. ती खोटी नाही. तेव्हा पट्ट्याचा आखाडा चालू राहावाच. पण पाटोद्याला तलवारबाजी आणायची तर पहिला खर्च यंत्रावर नको, कायम नेमणुकीच्या मार्गदर्शकावर आणि वसतिगृहावर व्हावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. तेव्हा मुलगी मागे राहून सराव करू शकेल की नाही, हे त्या वसतिगृहातल्या खाटेवर ठरणार आहे.