बाहत्तर सेकंद

आमच्या इमारतीच्या आवारात दर दिवाळीला एक किल्ला उभा राहतो. मोठ्या माणसांचा त्यात हात नसतो. असलाच तर विटा उचलून देण्यापुरता. यंदाही विटा आल्या, मखमलाबादकडून पोतेभर माती आली, गेल्या वर्षीचे मावळे खोक्यात होतेच – त्यांतल्या दोघांचे भाले मोडलेले – पण वसुबारस उजाडली तरी पहिली वीट काही बसेना. चौकशी केली तेव्हा कळले, की किल्लेदार रजेवर आहेत!

हे किल्लेदार म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची दहा वर्षांची मुलगी. गेल्या वर्षी तिने राजगड केला होता आणि त्याच्या तिन्ही माच्यांची नावे ती येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ऐकवीत असे. यंदा साल्हेर करायचा, असे तिने गणपतीतच जाहीर केले होते. आपल्याच जिल्ह्यातला, बागलाणातला किल्ला. शिवाय १६७२ च्या लढाईचा मान त्याच्याकडे. मग माशी शिंकली कुठे? तर तिच्या वडिलांनी तिला सैनिक शाळेच्या प्रवेश-परीक्षेला बसवायचे ठरवले आहे. २०२१ पासून या शाळा मुलींनाही घेऊ लागल्या, तेव्हा मुलगी म्हणून अडायचे कारण उरलेले नाही. दिवाळी सरली की परीक्षा दाराशी येऊन उभी राहते. "सर, गणिताला क्लास लावलाय. मराठीचं तेवढं तुम्ही बघा," असे म्हणून ते माझ्या टेबलावर गाईडांची एक चळत ठेवून गेले. शेजारधर्म आहे; मी हो म्हटले.

रात्री जेवण झाल्यावर मी ती चळत उघडली. सहावीच्या प्रवेशासाठी १२५ प्रश्न, १५० मिनिटे, ३०० गुण. मराठीच्या मास्तराला गणित येत नाही असा लोकांचा समज असतो, पण एवढा भागाकार मलाही जमला. एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. एवढ्या वेळात वाचायचे, समजून घ्यायचे, चार पर्यायांतून एक निवडायचा आणि त्याचा गोल काळा करायचा. गणिताला १५० गुण; भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्यज्ञान यांना प्रत्येकी ५०. म्हणजे ज्या विषयावर मी वीस वर्षे पोट भरतो आहे, त्याची किंमत सहावा हिस्सा. तीही गोल काळे करण्यापुरती! मुलाने स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहावे, अशी जागा त्या उत्तरपत्रिकेत नाही. हजारो मुलांचे पेपर यंत्राने तपासायचे म्हटले की वाक्य परवडत नाही, हे मला समजते. समजते म्हणून आवडते असे मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी किल्लेदार शिकवणीला हजर झाले. समानार्थी शब्द झाले, म्हणी झाल्या. मग तिने आपण होऊन सामान्यज्ञानाचे पान काढले. 'महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला कोणता?' तिने पाहता पाहता साल्हेरचा गोल काळा केला, वर '१५६७ मीटर, काका' हेही ऐकवले, आणि खिडकीतून खाली विटांच्या ढिगाकडे पाहिले.

आमच्या वडिलांच्या वेळी शाळाप्रवेश ही काय चीज होती ते सांगितले तर आजच्या पालकांना खोटे वाटेल. गुरुजी म्हणत, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाती आला की मूल पहिलीत, नाही आला तर पुढल्या वर्षी. जन्मतारीख ठाऊक नसली तर गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रातली निम्मी वडीलधारी माणसे १ जूनला जन्मली आहेत ती अशी. कान धरता येणे ही पात्रता खरी, पण ती आज ना उद्या प्रत्येकाच्याच अंगी येत असे.

निवडक शाळा तेव्हाही होत्या, आणि आमच्या नाशिकला तर त्यांचे अप्रूप नाही. देवळालीला बार्न्स स्कूल १९२५ पासून आहे. डॉ. मुंज्यांनी भोसला सैनिकी शाळा काढली ती १९३७ साली. पुढे १९६१ मध्ये साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा निघाली, आणि १९६९ मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनीची प्रशाला सुरू झाली. तिने तर बुद्धीच्या चाचण्या घेऊनच मुले निवडायची असे ठरवून ठेवले. खेड्यातल्या हुशार मुलांसाठी सरकारने नवोदय विद्यालये काढली. १९८५-८६ साली निघालेल्या पहिल्या दोहोंपैकी एक आपल्या अमरावतीचे. नाशिक जिल्ह्याचे नवोदय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. एका जिल्ह्याला सहावीच्या फार तर ८० जागा, त्यांतल्या निदान ७५ टक्के ग्रामीण मुलांच्या. दोन तासांत ८० प्रश्न. तिथे प्रश्नाला ९० सेकंद मिळतात. खेड्यातल्या मुलाला अठरा सेकंद जास्त, हे एक बरे!

या शाळांची मी थट्टा करतो असे कोणी समजू नये. माझ्या वर्गात बसलेला एक मित्र नवोदयला गेला. तो गेला नसता तर गावच्या सोसायटीत कारकून झाला असता, असे तो स्वतःच सांगतो. ज्याच्या घरी दिव्याखाली बसायला जागा नाही, त्याला खोली, पुस्तके आणि दोन वेळचे जेवण देणारी शाळा ही लहान गोष्ट नव्हे. इंग्लंडातले ईटन, जे आज श्रीमंतीचे दुसरे नाव झाले आहे, तेही १४४० साली सहाव्या हेन्रीने सत्तर गरीब मुलांसाठी काढले होते. मौज अशी, की बुद्धी मोजण्याची पट्टी ज्याने पहिल्यांदा तयार केली त्या आल्फ्रेड बिने या फ्रेंच गृहस्थाच्या मनातही निवड नव्हती. कोणत्या मुलांना शिकताना जास्त मदत लागते ते शोधून काढा, एवढेच काम त्याच्याकडे आले होते. १९०५ साली त्याने त्यासाठी प्रश्न रचले. कोणाला हात द्यावा हे पाहायला केलेली पट्टी पुढे कोणाला दाराबाहेर ठेवावे यासाठी वापरली गेली. इंग्रजांनी तर १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षीच्या एका परीक्षेवर मुलांच्या वाटा वेगळ्या केल्या, आणि १९६५ पासून बहुतेक ठिकाणी ती परीक्षा मागे घेतली. केंट आणि बकिंगहॅमशायरकडे ती अजून चालते.

पण मी हे सारे सांगतो आहे ते एक गोष्ट लांबणीवर टाकण्यासाठी, हे एव्हाना चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल.

२००७ ची गोष्ट. मी नुकताच कॉलेजात लागलो होतो. जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेने – नाव सांगण्यात हशील नाही – पाचवीच्या प्रवेशाच्या मुलाखतींसाठी मला मराठीचा परीक्षक म्हणून बोलावले. तरुण माणसाला मान मिळाला की तो जरा जास्तच काम करतो. मी गुणांचा तक्ता स्वतः आखून नेला. उच्चार, आत्मविश्वास, शब्दसंपत्ती, सामान्यज्ञान. प्रत्येकी दहा गुण. विषयही मीच काढला होता : 'सुट्टीत पाहिलेले ठिकाण'. मुलांना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून! सकाळपासून गणपतीपुळे, गोवा, महाबळेश्वर, एक सिंगापूरसुद्धा होऊन गेले. पालकांची मुलाखत शेजारच्या खोलीत चालली होती.

दुपारी एक मुलगा आला. पेठ तालुक्यातला. त्याच्या शाळेच्या गुरुजींनी भाड्याचे पैसे खर्चून त्याला आणले होते. खेड्यातल्या मुलांसाठी तिथे दोन मोफत जागा होत्या. मी विचारले, "सुट्टीत कुठे गेला होतास?"

"निफाडकडं."

"काय पाहिलंस तिथं?"

"द्राक्षाची छाटणी."

मी जरा चाचपडलो. त्याला मदत करावी म्हणून समुद्रावर आणले. समुद्र त्याने पाहिला नव्हता. भरती-ओहोटी म्हणजे काय ते त्याला सांगता आले नाही. क्षितिज हा शब्द त्याने ऐकला नव्हता. मग वेळ भरून काढायला मी म्हटले, "बरं, छाटणीचं सांग."

तो सांगू लागला. आईबाप छाटायला जातात, तो काड्या गोळा करतो. एप्रिलात छाटायचे तेव्हा एकच डोळा ठेवायचा. दिवाळीच्या आधी छाटायचे तेव्हा जास्त. किती, ते काडी पाहून. "डोळा फुगलेला असला तर आत घड असतो. चपटा असला तर नुसता पाला. बा बोट फिरवून बघतो. मला पण कळतं."

घड्याळात पाहिले, त्याचा वेळ संपला होता. मी तक्ता भरला. उच्चार चार. आत्मविश्वास पाच. शब्दसंपत्ती तीन. काडी, डोळा, घड, पाला – नेमक्या अर्थाने, नेमक्या जागी वापरलेले शब्द; आणि मी, मराठीचा एम.ए., त्याला शब्दसंपत्तीत दहापैकी तीन गुण देत होतो. तेव्हा मला त्यात वावगे काही वाटले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. भरती-ओहोटी आली नाही, तीन. रकाने मीच आखलेले होते.

दारापर्यंत गेल्यावर तो मागे वळून म्हणाला, "चुकलं का?"

मी म्हटले, "नाही रे, छान सांगितलंस." यादी लागली तेव्हा त्याचे नाव नव्हते.

पुढे २००९ चा शिक्षण-हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलाला किंवा पालकाला कसलीही चाळणी लावायला बंदी केली. पहिल्या खेपेला २५ हजार आणि पुढे दर खेपेला ५० हजार रुपयांपर्यंत दंड. नवोदय, सैनिक शाळा यांचा कायद्याने निराळा प्रवर्ग मानला आहे, म्हणून त्यांच्या परीक्षा चालू आहेत. इतर खाजगी शाळांत पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, आणि अर्ज जास्त आले तर सोडत काढायची. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट, असा नियम केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्द केला.

सोडत म्हटली की आम्ही शिकलेली माणसे नाक मुरडतो. गुणवत्तेचे काय, म्हणतो. मीही म्हणत असे. पण आमच्या धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या नातवाचे नाव सोडतीत निघाले नाही, त्या दिवशी त्या पोराने मला काय सांगितले? "आमची चिठ्ठी नाही आली." एवढेच. आणि खेळायला पळाला. चिठ्ठी आली नाही यात त्याचे काही चुकले नव्हते, आणि ते त्याला पक्के ठाऊक होते. पेठच्या मुलाला मात्र कोणी हे सांगितले नाही. तो आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असेल. द्राक्षांच्या दिवसांत दिंडोरीच्या रस्त्याने जाताना मजुरांच्या गाड्या दिसतात. मी आत बघायचे टाळतो.

हे सारे मी वरच्या मजल्यावर सांगितले नाही. सांगून काय होणार? त्या बापाचे काय चुकते आहे? शाळा चांगली आहे, मुलगी हुशार आहे, जागा थोड्या आहेत. त्याच्या जागी मी असतो तर गणिताबरोबर बुद्धिमत्तेचाही क्लास लावला असता.

धनत्रयोदशीला संध्याकाळी ती शिकवणीला आली तेव्हा मी म्हटले, आज भाषेचा पाठ खाली. ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली. तासाभरात पाया झाला. साल्हेरच्या शेजारी सालोटा हवा, नाहीतर तो साल्हेर वाटत नाही, असे तिने मला बजावले. कड्याखालून कपच्या खुपसून पायऱ्या केल्या, बोटाने पोखरून गुहा केल्या. वर गंगासागर तळ्यासाठी वाटी हवी होती. माझ्या पत्नीने कुरकुरत दिली. सर्वांत वर परशुरामाचे देऊळ. ते उद्या पुठ्ठ्याचे करायचे ठरले. वाट अशी वळती का, चढणारा माणूस कुठे दमेल, पहारा कुठून दिसेल – ती बोलत होती आणि मी चिखल कालवत होतो. प्रश्नाला किती सेकंद लागले, ते मोजले नाही.

सात वाजता तिचे वडील जिन्यात येऊन उभे राहिले. हातात सराव-प्रश्नपत्रिका होती. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, हे पेपरात येतं का?"

"नाही," मी म्हटले.

ते दोन पायऱ्या उतरले. "बाबा, ती वीट द्या ना," ती वर न पाहता म्हणाली. त्यांनी प्रश्नपत्रिकेची सुरळी केली, खिशात घालता येते का पाहिले, ती मावेना. तेव्हा काखेत धरून त्यांनी वीट उचलली.