मान वर करून बोला

आमच्या मराठी शाळेत गुरुजी वर्गात आले की पहिला हुकूम सुटायचा, "हाताची घडी, तोंडावर बोट!" चाळीस-पन्नास मुले क्षणात तशी बसत. त्या बैठकीचा अर्थ एकच होता : आम्ही ऐकायला तयार आहोत. पुढे महाविद्यालयात आल्यावर व्यक्तिमत्त्व विकासाचे एक व्याख्यान झाले. पाहुण्यांनी बजावले की हाताची घडी घालून बसणारा माणूस मनाची दारे लावून बसलेला असतो. त्याला समोरच्याचे काही ऐकायचेच नसते. मी मागच्या बाकावर होते. सहज खाली पाहिले तो माझ्या हातांची घडी! ज्या बैठकीला दहा वर्षे शाबासकी मिळाली तीच आता दोष ठरली. आणि गंमत अशी की पाहुण्यांचे प्रत्येक वाक्य मी अगदी मन लावून ऐकत होते.

हे हसण्यावारी नेता आले असते. पण गेल्या उन्हाळ्यात पुण्याला एका नोकरीच्या मुलाखतीला गेले. समोर तिघे जण बसले होते. उत्तरे येत होती ती दिली. शेवटी मधले साहेब म्हणाले, "मान वर करून बोला. तुमच्यात आत्मविश्वास नाही." नोकरी मिळाली नाही. ती मलाच मिळायला हवी होती असा माझा दावा नाही. माझ्याहून हुशार मुली तिथे होत्या. माझी तक्रार साहेबांच्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. मान खाली होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आत्मविश्वास नाही, हे त्यांनी कुठे पाहिले?

आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी पोरगी 'लई शेफारलेली' ठरते. चुलते ओसरीवर आले की उठायचे, ओढणी सारखी करायची, विचारले तेवढेच सांगायचे आणि नजर जमिनीवर ठेवायची. हे कोणी पाटीवर लिहून दिले नाही, पण एकवीस वर्षे गिरवून घेतले. मुलाखतीच्या खोलीत माझ्या बापाच्या वयाचे तीन पुरुष बसलेले पाहिले आणि माझ्या मानेने तिचे नेहमीचे काम केले. अभ्यास एका भाषेचा झाला होता, परीक्षा दुसऱ्याच भाषेची निघाली.

भाषा हा शब्द मी उगीच वापरत नाही. शब्दांवाचून किती बोलता येते हे ज्याला पाहायचे असेल त्याने आमच्या तालुक्यातला काष्टीचा जनावरांचा बाजार पाहावा. जुन्या रीतीप्रमाणे बैलाची किंमत तोंडाने बोलायची नाही. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात हातात घेतात, वर उपरणे नाहीतर टॉवेल टाकतात, आणि त्या फडक्याखाली बोटे धरून सौदा चालतो. धरलेली बोटे म्हणजे आकडा. तो शेकड्यातला की हजारातला, हे जनावराकडे पाहूनच दोघांना कळलेले असते. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी भाव त्या दोन मुठींच्या बाहेर जात नाही. चेहरे मात्र असे, की जणू पावसापाण्याच्या गप्पा चालल्या आहेत.

माझ्या आजोबांनी या बाजारात उभा जन्म काढला. लहानपणी ते मला ओसरीवर बसवून माझ्या हातावर टॉवेल टाकीत आणि दावणीच्या कालवडीचा भाव विचारीत. मी त्यांची तीन बोटे धरली की ते दोनच परत देत. मला हसू फुटे. मग ते म्हणत, "तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, बाई. दिसलं की सौदा गेला."

तोंडावर काही दिसू न देण्याची ही विद्या आमच्या जिल्ह्यात बरीच जुनी आहे, आणि तिची नोंद प्रत्यक्ष चार्ल्स डार्विनच्या ग्रंथात आहे. राग, लाज, आश्चर्य या भावना सगळी माणसे सारख्याच रीतीने चेहऱ्यावर दाखवतात की काय, हे त्याला तपासायचे होते. १८६७ साली त्याने सोळा प्रश्नांची यादी करून दूरदूरच्या देशांत राहणाऱ्या युरोपियनांकडे पाठवली. आश्चर्य वाटले की डोळे आणि तोंड उघडते का? लाजेने चेहरा लाल होतो का? होकाराला मान वरखाली आणि नकाराला आडवी हलते का? उत्तरे जमवून १८७२ साली त्याने ग्रंथ प्रसिद्ध केला. मुख्य भावनांच्या खुणा जगभर सारख्याच आहेत, असे त्याचे एकंदर मत झाले. उत्तरे देणाऱ्यांत मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहिलेले एर्स्किन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांना इथल्या लोकांच्या चेहऱ्यांवरून खात्रीचे काही काढता येईना. कारण त्यांनी दिले ते असे की, युरोपियनांसमोर आपली प्रत्येक भावना लपवण्याची या लोकांना सवयच लागलेली आहे.

डार्विनने ही एक अडचण म्हणून नोंदवली आणि तो पुढे गेला. मला मात्र त्या सबंध प्रश्नावलीचे खरे उत्तर तिथेच सापडते. चेहरा म्हणजे उघडे पुस्तक नव्हे. समोर कोण उभे आहे त्यावर पान उघडायचे की मिटायचे ते ठरते. सारा आणि सावकार या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या कुणब्याने गोऱ्या साहेबापुढे भुवई का म्हणून उंचवावी? त्या प्रश्नावलीनंतर आठ वर्षांनी, १८७५ साली, याच श्रीगोंदे, पारनेर, कर्जत भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतली खतेपत्रे बाहेर काढून जाळली. कोऱ्या चेहऱ्यांमागे काय साठले होते ते तेव्हा साऱ्या इलाख्याला दिसले. त्या चेहऱ्यांना कोणी मुलाखतीत गुण दिले असते, तर 'आत्मविश्वास नाही' असाच शेरा पडला असता.

म्हणून 'अमुक खूण म्हणजे अमुक स्वभाव' असे कोष्टक कोणी फळ्यावर मांडले की मला भीती वाटते. परक्या मुलखाची गोष्ट सोडा (बल्गेरियात म्हणे मान आडवी हलवली की होकार होतो), आपल्या एका गावात एका खुणेचे दोन अर्थ नांदतात. आजी माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटे मोडते, ती माझी दृष्ट काढण्यासाठी. आणि भांडणात शेजारीण आमच्या दाराकडे पाहून बोटे मोडते, ती आमचे वाटोळे व्हावे म्हणून. आवाज तोच. चुकलेला मुलगा कानाची पाळी धरतो ती माफीसाठी. गवई गुरूचे नाव निघताच कानाला हात लावतो तो आदराने. शेख महंमद महाराजांच्या समाधीपुढे कोणी हात जोडतो, कोणी तळवे उघडून दुवा मागतो. दोघांचे मागणे बहुधा एकच, पाऊस आणि लेकराबाळांची खुशाली. अंगठ्याची तर कथाच न्यारी. आपल्याकडे अंगठा दाखवणे म्हणजे 'काही मिळणार नाही, जा' असे हिणवणे. आता मोबाइलवर मी आईला निकाल कळवला तर मामांकडून अंगठा येतो, आणि आजी विचारते, "काय गं, मामाला एवढा कसला राग आला?"

आणि तो जिभेचा 'च्'! मान जराशी मागे टाकून आपण 'च्' केले की 'नाही' झाले. हाही प्रकार डार्विनपर्यंत पोहोचला होता. निरनिराळ्या देशांत आढळणाऱ्या या आवाजाचा अर्थ काय असावा, हे मात्र त्या थोर पुरुषाला अखेरपर्यंत उमगले नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी आपल्या चालीरीतींचा झेंडा खांद्यावर घेतला आहे. तसे नाही. खाली घातलेली प्रत्येक मान आदराची नसते. गावकुसाबाहेरच्या माणसाने वाकून जोहार घालायचा, वाड्यावरून जाताना पायातली वहाण हातात घ्यायची, हीही शरीराचीच भाषा होती, आणि ती मारून शिकवलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने जोहार घालवला, त्याच्या जागी जय भीम आला. त्याबरोबर वाकलेली पाठही सरळ झाली. त्या लोकांनी 'आमची संस्कृती' म्हणून वाकणे जपले असते तर? माझ्या नजरेतही चुलत्यांबद्दलचा आदर किती आणि धाक किती, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. माझ्या भावाला कोणी नजर खाली ठेवायला शिकवले नाही. तो सरपंचांशीही मान ताठ ठेवून बोलतो आणि घरात त्याचे कौतुक होते. तेव्हा मान वर कर हे मला घरच्यांनी सांगायला हवे होते, ते एका परक्याने सांगितले, याबद्दल मी त्या साहेबांची एका परीने ऋणी आहे. राग येतो तो एवढ्याचाच, की त्यांनी ते नोकरी नाकारून सांगितले.

माझे म्हणणे साधे आहे. महाविद्यालयाने आम्हांला मुलाखतीची रीत जरूर शिकवावी. मात्र ती इंग्रजीसारखी शिकवावी, दुसरी भाषा म्हणून. तुमचे बसणे, पाहणे, उभे राहणे चुकीचे आहे, असे सांगून शिकवू नये. इंग्रजी शिकताना मराठी चुकीची आहे असे कोणी सांगत नाही (निदान उघडपणे तरी!). आणि टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांनीही थोडे शिकावे. श्रीगोंद्याहून, पाथर्डीहून, अकोल्याच्या आदिवासी पाड्यांतून येणारी मुले नोकरी मागायला येताना आपापले अंग घरी ठेवून येऊ शकत नाहीत. त्या मुलाच्या उत्तराकडे आधी पाहावे, बुबुळांकडे नंतर. आमच्या खालच्या मानेचा अर्थ लागत नसेल तर विचारावे. २०२० साली हस्तांदोलनाची भीती वाटू लागली तेव्हा मोठमोठ्या राष्ट्रप्रमुखांनी चार दिवसांत हात जोडायला शिकून घेतले. तेव्हा शिकणे काही अवघड नाही.

मुलाखतीहून परतले त्या रात्री आजोबांनी विचारले, काय झाले. मी सांगितले, साहेब म्हणाले माझ्याकडे बघून बोल.

"मग तो बघत होता का तुझ्याकडं?"

मी आठवून पाहिले. साहेब सगळा वेळ हातातल्या कागदाकडे पाहत होते. तसे सांगितल्यावर आजोबांनी मान जराशी मागे टाकली आणि 'च्' केले.