बराखीचे चित्र कोणी काढायचे?

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील कोणत्याही शाळेत जाऊन ‘खेड्याचे चित्र काढा’ असे मुलांना सांगून पाहावे. दोन डोंगर, मध्ये उगवता सूर्य, वळणाची नदी, काठावर नारळ आणि लाल छपराची झोपडी! खेड तालुक्यात नारळ कोठून आला, असे कोणी विचारीत नाही. महाविद्यालयात आल्यावरही पुष्कळजण तेच चित्र जरा सफाईने काढतात, एवढेच.

निसर्गचित्राची रीत इंग्रजांबरोबर आली, तेव्हा हे असेच व्हायचे, असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या आबालाल रहिमान यांनी याच रीतीने कोल्हापूरचे कोटितीर्थ रंगविले, आणि ते कोल्हापूरचेच वाटते. खुद्द इंग्रज चित्रकार तरी काय करीत होते? लंडनच्या उत्तरेस लेचवर्थ हे आखीव शहर १९०३ पासून शेतजमिनीवर, कारखान्यांसह, वसविले जात होते. १९१२ साली स्पेन्सर गोअर तेथे जाऊन राहिला आणि त्याने भोवतालची शेते रंगविली. त्याचा मित्र रॉबर्ट बेव्हन डेव्हनच्या टेकड्यांतील शेतघरे रंगवीत असे. समोर होते ते त्यांनी काढले.

आपल्याकडे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली महापालिका झाली. पुढे चाकण, महाळुंगे, निघोजे. एवढ्या काळात येथील गोठे, खळी, मोटेच्या विहिरी कोणी किती रंगविल्या?

कांद्याची बराखच घ्या. चाकणच्या बाजाराचे नाव कांद्यावर झाले, पण बराखीकडे चित्राचा विषय म्हणून कोण पाहतो? बाजू बांबूच्या किंवा तुराट्यांच्या, मुद्दाम फटी ठेवलेल्या, कारण वारा खेळला नाही तर कांदा सडतो. वर उसाचे पाचट. त्या फटींतून येणारे ऊन रंगविताना चांगल्या हाताचाही कस लागेल.

हे जुन्याचे गोडवे गाणे नव्हे. रोज पहाटे शेण काढणाऱ्या बाईला गोठा सुंदर वाटत नसतो, आणि जमीन गेली त्या घराला चित्राने भरपाई मिळत नाही. ज्या जागी गोठा होता तेथे कामगारांना भाड्याने द्यायच्या पत्र्याच्या खोल्या उठल्या, त्याही काढाव्यात. वाळत घातलेल्या गणवेशांसकट. फक्त नारळाचे झाड नको.

कांदा पिकतो त्या गावांत बराखी अजून आहेत. उन्हाळ्यात त्या भरतात आणि दिवाळीच्या सुमारास बहुतेक रिकाम्या होतात. सुट्टीही तेव्हाच असते. सकाळी लवकर जावे आणि मालकाला विचारून आत बसावे.