वैमानिकांचे प्रशिक्षण वाढले, झोपेचे काय?

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळले. जमिनीवरील एकासह ५० जणांचा बळी गेला. वेग धोकादायकरीत्या घटल्याचा इशारा मिळताच नाक खाली करण्याऐवजी कॅप्टनने ते वर खेचले, हा चौकशीचा मुख्य निष्कर्ष. उतरताना निषिद्ध असलेल्या गप्पाही कॉकपिटमध्ये रंगल्या होत्या. मात्र सहवैमानिक सिॲटलहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती आणि कॅप्टनने एक रात्र विमानतळावरील कर्मचारी कक्षातच काढली होती. थकव्याचा परिणाम झाला असावा, हे मान्य करूनही चौकशी मंडळाच्या बहुमताने त्याला कारणांत स्थान दिले नाही.

पुढे सहवैमानिकासाठीही साधारणतः १,५०० उड्डाणतासांची अट आली, २०१४ पासून विश्रांतीचे नियम कडक झाले, २०२० च्या नियमाने कॅप्टनांना नेतृत्वाचे प्रशिक्षण सक्तीचे केले. घरापासून कामाच्या तळापर्यंतचा प्रवास मात्र वैमानिकाच्या स्वतःच्याच वेळेत राहिला. आणि तळाच्या शहरात घर परवडू न देणारा तुटपुंजा पगार? तो वाढला वैमानिकांची टंचाई भासू लागल्यावर, नियमामुळे नव्हे.

भारतातही विश्रांतीचा प्रश्न मनुष्यबळापाशीच अडला. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, गोव्यातही प्रवासी ताटकळले आणि रात्रीच्या कामावरील काही बंधने त्या कंपनीपुरती तात्पुरती शिथिल करावी लागली. तयारीला जवळपास दोन वर्षे मिळाली होती. पुरेसे वैमानिक मात्र नेमले गेले नव्हते.