विश्लेषण : पाळलेल्या कोंबड्याची चोच तुटली तर काय करावे? सुरी हातात घेण्याआधी पहिले आठ दिवस का महत्त्वाचे?

कधी खुराड्याच्या जाळीत अडकून, कधी दुसऱ्या कोंबड्याशी झालेल्या भांडणात, तर कधी कुत्र्याच्या तावडीतून सुटताना पाळलेल्या कोंबड्याची चोच तुटते. तोंडाला रक्त, पिसांवर रक्त, कोंबडा कोपऱ्यात मान खाली घालून उभा. अशा वेळी घरातून, शेजारातून एकच सल्ला येतो, ‘आता हा जगत नाही, आजच कापून टाका.’ तो अंडी देत नाही. शिवाय दवाखान्यात न्यायचे रिक्षाभाडे आणि फी मिळून त्याच्या बाजारभावापेक्षा जास्त होते. त्यामुळे हा सल्ला व्यवहाराचा वाटतो. पण तो बहुतेक वेळा चुकीच्या समजुतीवर उभा असतो. चोच तुटलेला कोंबडा सहसा जखमेने मरत नाही, त्याला खाता येत नाही म्हणून मरतो. आणि त्याला खाऊ घालणे घरातल्या माणसांच्या हातात असते.

चोच म्हणजे नेमके काय?

चोच म्हणजे नुसते नख नव्हे. आत जबड्याचे हाड, त्यावर रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत थर आणि सर्वांत बाहेर केराटिनचे कवच अशी तिची रचना असते. आपली नखे आणि केसही केराटिनचेच. हे कवच आयुष्यभर वाढत राहते आणि टोचण्या-घासण्याने झिजत राहते. चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते. दाणा आणि खडा यांतला फरक कोंबड्याला त्यामुळेच कळतो. म्हणून चोच तुटणे ही आपल्याकडे नख तुटण्यापेक्षा बोटाचे पेर चेपण्याच्या जवळ जाणारी दुखापत आहे.

ती पुन्हा वाढते का?

नेमके काय तुटले, यावर हे अवलंबून आहे. फक्त टोकाचे कवच निघाले असेल आणि त्याखालचा जिवंत थर शाबूत असेल, तर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत ते भरून येते. आतले हाडच तुटून पडले असेल, तर तेवढा भाग परत येत नाही. गळून पडलेला तुकडा परत चिकटवून जिवंत होत नाही, कारण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तरीही चोच थोडी आखूड राहिलेला कोंबडा वर्षानुवर्षे जगू शकतो. फक्त त्याच्या ताटाची पद्धत बदलावी लागते.

याचा पुरावा कुक्कुटपालन उद्योगातच आहे. अंड्यांच्या मोठ्या फार्मवर पिल्ले लहान असतानाच त्यांच्या चोचीचे टोक तापलेल्या पात्याने कापतात. याला ‘डीबीकिंग’ म्हणतात. दाटीत पक्ष्यांनी एकमेकांना टोचून मारू नये, हा त्यामागचा हेतू. आखूड चोचीचे असे असंख्य पक्षी रोज खातात, पितात, अंडी देतात. म्हणजे ‘टोक गेले की पक्षी संपला’ हे खरे नाही. पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. स्कॉटलंडमधील संशोधकांनी १९८०च्या दशकात कापलेल्या चोचींचा अभ्यास केला, तेव्हा मज्जातंतूंच्या टोकांना गाठी आलेल्या आणि तिथून विकृत संदेश जात असलेले आढळले. म्हणजे वेदना खरी असते आणि ती टिकूही शकते. नॉर्वे, स्वीडनसारख्या देशांनी ही पद्धत बंद केली, ती याच कारणाने. चोच तुटलेला कोंबडा वाचू शकतो, पण त्याला दुखते. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवूनच त्याची काळजी घ्यावी लागते.

पहिल्या तासात काय करावे?

आधी रक्त थांबवावे. कोंबडीवर्गीय पक्ष्याच्या अंगात वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के रक्त असते. दोन किलोच्या कोंबड्यात ते जेमतेम सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर भरते. त्यामुळे आपल्याला ‘थोडेसेच’ वाटणारे रक्त त्याच्यासाठी थोडे नसते. कोंबड्याला जुन्या टॉवेलात सैलसर गुंडाळावे, डोळ्यांवर कापड आले की तो शांत होतो. छाती मात्र दाबू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड वरखाली होऊनच त्यांचा श्वास चालतो. घट्ट आवळले तर कोंबडा हातातच गुदमरू शकतो.

स्वच्छ कापडाने तुटलेल्या टोकावर काही मिनिटे हलका दाब द्यावा. स्वयंपाकघरातले कॉर्नफ्लोअर चिमूटभर दाबून धरले तर रक्त गोठायला मदत होते. हळदीचा लेप अनेक घरांत पहिला आठवतो. पण कुठलीही पूड नाकपुड्यांत जाता कामा नये, कारण त्या वरच्या चोचीवरच असतात. रक्त थांबल्यावर कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने कडेची घाण टिपून घ्यावी. लोंबकळणारा तुकडा ओढून काढू नये. झटपट चिकटणारा गोंद घरी लावू नये. तो तोंडात, नाकपुडीत गेला तर इजा वाढते आणि जंतू आतच कोंडले जातात.

त्यानंतर त्याला कळपापासून वेगळे करावे. लाल रक्त दिसले की इतर कोंबड्या तिथेच टोचतात. मोठे खोके किंवा पिंजरा, खाली कोरडे कापड, मंद उजेड, वारा लागणार नाही अशी उबदार जागा एवढे पुरे. शक्य असेल तर बाकीच्या कोंबड्या त्याला दिसतील, आवाज ऐकू येतील, अशा अंतरावर ठेवावे. फार दिवस नजरेआड राहिलेल्या कोंबड्याला कळपात परत जागा मिळवताना पुन्हा भांडावे लागते.

खाऊ कसे घालावे?

खरा प्रश्न इथे आहे. कोंबडा जमिनीवरचा दाणा वरच्या आणि खालच्या चोचीच्या चिमटीत पकडतो. वरचे टोक गेले की चिमूट बसत नाही. तो टोचतो, दाणा निसटतो, पुन्हा टोचतो. बघणाऱ्याला वाटते की तो खातोय, प्रत्यक्षात पोट रिकामेच असते. दाणे टाकून ‘खाईल भूक लागल्यावर’ म्हणणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणेच.

उपाय साधा आहे. खाद्य पसरट ताटलीत न देता खोल वाटीत, दोन-तीन इंचांचा थर होईल असे द्यावे, म्हणजे त्याला खालच्या चोचीने उपसून घेता येते. नेहमीचे कोंबडी खाद्य किंवा भरडा कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिठल्यासारखा करावा. त्यात उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक, मऊ शिजवलेला बिनमिठाचा भात घालता येतो. भिजवलेले खाद्य उन्हाळ्यात लवकर आंबते, म्हणून थोडे थोडे करून दर तीन-चार तासांनी बदलावे. पाण्याचे भांडेही खोल हवे. कोंबडा पाणी ओढून पीत नाही. चोचीत भरून घेतो आणि मान वर करून गिळतो. उथळ पाण्यात तुटकी चोच बुडत नाही.

काहीच खात नसेल तर सिरिंजने भरवण्याचा मोह होतो. इथे सर्वाधिक काळजी हवी. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच उघडे असते. जोराने पिचकारी मारली तर पातळ खाद्य फुप्फुसात जाते. चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडावा, त्याने गिळला की पुढचा द्यावा. नळी घालून भरवणे पशुवैद्यकाकडून शिकल्याशिवाय करू नये.

हाताने भरवून पक्षी किती तग धरतो, याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतले आहे. कोलोरॅडोतल्या फ्रूटा गावी सप्टेंबर १९४५ मध्ये डोके छाटलेला ‘माइक’ नावाचा कोंबडा मेंदूचा मागचा भाग शिल्लक राहिल्याने सुमारे १८ महिने जगला. त्याच्या अन्ननलिकेत ड्रॉपरने दूध-पाणी सोडले जाई. तमाशासारखे खेळ करून त्याच्यावर पैसे मिळवले गेले, हा भाग अभिमानाचा नाही. पण तो शेवटी मेला तो जुन्या जखमेने नव्हे, तर घसा दाटून गुदमरल्यामुळे. भरवणे जीव वाचवते आणि भरवण्यातली चूक जीव घेते, हे दोन्ही त्यातून दिसते.

तो सुधारतोय हे कसे ओळखावे?

अंदाजावर विसंबू नये. रोज सकाळी एकाच वेळी, खायला देण्याआधी कोंबड्याचे वजन करून मोबाइलमध्ये नोंदवावे. गळ्याच्या खाली छातीपाशी अन्नाची पिशवी असते. ती संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी लागली पाहिजे. विष्ठा होतेय का, तिचा रंग काय, हे पाहावे. दर आठवड्याला चोचीचा एकाच बाजूने फोटो काढला, तर वाढ डोळ्यांना दिसते.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. कोंबडा चोचीनेच पिसे साफ करतो, उवा काढतो. चोच दुखत असताना हे काम थांबते. म्हणून पंखांखाली, शेपटीच्या मुळाशी उवा पडल्या आहेत का ते तपासावे. जखम भरल्यावर त्याला कोरड्या मातीत लोळू द्यावे. वरची चोच आखूड राहिली तर खालची घासली न गेल्याने लांब वाढते. ती अधूनमधून कानशीने घासावी लागते, पहिल्या वेळी पशुवैद्यकासमोरच.

दवाखान्यात कधी न्यावे?

दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबले नाही, भेग नाकपुडीपर्यंत किंवा चोचीच्या मुळापर्यंत गेली, खालचा जबडा हलतोय, डोळा सुजलाय, जखमेला वास येतोय, पावसाळ्यात माशी बसून अळ्या पडल्या किंवा २४ तासांत अन्न पोटात गेले नाही, तर थांबू नये. तालुक्याच्या आणि गावातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा विचार गाय-म्हैस-शेळीसाठीच केला जातो, पण ते कोंबड्यासाठीही आहेत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा पर्याय आहे. भेगाळलेली चोच दातांच्या डॉक्टरांकडे असते तशा अ‍ॅक्रिलिकने सांधता येते.

घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र देऊ नयेत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकचा अंश मृतदेहातून पोटात गेल्याने भारतातील गिधाडे कशी नाहीशी झाली, हा इतिहास ताजा आहे. सरकारने २००६ मध्ये या औषधाचा पशुवैद्यकीय वापर थांबवला, तर २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवर बंदी आणली. पक्ष्याला कोणते वेदनाशामक किती द्यायचे, हे वजन पाहून पशुवैद्यकच ठरवतो. औषधे सुरू झाल्यावर ‘नाही वाचला तर खाऊन टाकू’ हा हिशेबही चालत नाही. औषधाचा अंश मांसात काही दिवस राहतो.

कृत्रिम चोच बसवता येते का?

तंत्रज्ञान आहे. अलास्कात गोळी लागून वरची चोच गमावलेल्या, २००५ मध्ये सापडलेल्या ‘ब्यूटी’ या गरुडाला थ्रीडी प्रिंटरवर तयार केलेली चोच बसवली गेली. कोस्टा रिकात २०१५ मध्ये काही तरुणांच्या हल्ल्यात चोच तुटलेल्या ‘ग्रेसिया’ या टूकान पक्ष्यालाही तशीच चोच मिळाली. त्या घटनेवरील संतापाने तिथल्या प्राणिकल्याण कायद्याला बळ दिले. पण अंगणातल्या कोंबड्यासाठी थ्रीडी प्रिंटर शोधत बसण्याची गरज क्वचितच पडते. त्याला खोल वाटी आणि भिजवलेला भरडा अधिक उपयोगी आहे.

एका कोंबड्यासाठी एवढे कशाला?

देशात २०१९ च्या पशुगणनेनुसार ८५ कोटींहून अधिक कुक्कुट पक्षी होते. त्यातले सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले, म्हणजे घराच्या अंगणात, परड्यात वाढणारे. यातले बहुतेक खाण्यासाठीच असतात, यात लपवण्यासारखे काही नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० देखील खाण्यासाठी प्राणी मारण्यास गुन्हा मानत नाही, अनावश्यक यातना न देण्याची अट घालतो. मात्र हाच कायदा प्राणी ताब्यात असलेल्या माणसावर त्याच्या काळजीची जबाबदारी टाकतो आणि त्याला पुरेसे अन्न-पाणी न देणे ही क्रूरता ठरवतो. म्हणजे कोंबडा कापायला बंदी नाही, पण जखमी कोंबडा कोपऱ्यात उपाशी पडू देणे चुकीचे आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे हेच जास्त घडते. कोणी कापतही नाही, कोणी भरवतही नाही. दोन-तीन दिवसांनी तो आपोआप ‘गेला’ म्हणतात.

प्रत्येक कोंबडा वाचेल, असे नाही. जबड्याचे हाड मुळातून तुटले असेल, वेदनाशामक देऊनही तो खात नसेल, वजन रोज घटत असेल, तर पशुवैद्यकाकडून त्याला वेदनारहित मरण देणे हाच दयेचा मार्ग आहे. पण हा निर्णय पहिल्या संध्याकाळी, पिसांवरचे रक्त बघून घ्यायचा नसतो. आठ दिवस खोल वाटीत भिजवलेले खाद्य द्यावे, गरज पडली तर एकदा दवाखान्यात न्यावे, रोज सकाळी वजन लिहावे. आठव्या दिवशी काटा पहिल्या दिवसाइतका किंवा त्याच्या वर असेल, तर तो कोंबडा जगणार आहे.