रापणीचा वाटा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण लागली की सारी वाडी दोराकडे धावे. होडीने समुद्रात अर्धगोल जाळे टाकायचे आणि त्याची दोन्ही टोके माणसांनी किनाऱ्यावरून ओढायची. बांगडा, तारली वाळूवर आली की वाटे पडत. ज्याचा हात दोराला लागला, त्याला वाटा मिळे. मग तो म्हातारा असो की शाळकरी पोर. रापण ही गावाची रीत होती.

आज रापणी मोजक्याच उरल्या. पर्ससीनवाले मासळीचे थवे खोल पाण्यातच वेढतात. मग ती किनाऱ्याला लागणार कशी? २०१६ साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरी चोरटी मासेमारी थांबलेली नाही.

कोळ्यांची मुले आता पर्यटकांना होडीतून फिरवतात. त्यात कमीपणा नाही. पण पर्यटक तरी ताज्या बांगड्याच्या ओढीनेच येतो ना? कायदे आहेत, ते कागदावरून पाण्यात उतरले पाहिजेत. गस्त वाढली, दंड वसूल झाला, तरच मासळी किनाऱ्याला येईल. नाहीतर दोर ओढायला हात असतील, वाटून घ्यायला मात्र काही नसेल.