अळी मेली, विष उरलं

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सफरचंदाच्या मोठ्या बागा आहेत. तिथे कॉडलिंग मॉथ नावाच्या पतंगाची अळी फळात शिरून बिया खाते. तिला मारायला १९४०च्या दशकापर्यंत शिसं आणि आर्सेनिकचं औषध फवारलं. अळी त्याला सरावली. मग डीडीटी आलं, तेही बोथट झालं. काही बागा मोडून तिथे घरं, शाळा झाल्या. शिसं आणि आर्सेनिक मात्र आजही त्या मातीत आहे.

अळी फळात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तिथले कितीतरी बागायतदार आता झाडांना मादीच्या वासाच्या कांड्या टांगतात. नर गोंधळतो, जोडी जमत नाही. किडकी, गळलेली फळंही उचलून नष्ट करतात.

हे आपल्याला का सांगते? कारण बागेत, शेतात रोजाने फवारायला आपलीच माणसं जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसच्या आसपास माणसं दगावली. विषबाधेचे रुग्ण मी वॉर्डात पाहिलेत : दरदरून घाम, तोंडाला फेस, टाचणीएवढ्या बाहुल्या.

माझं मत स्पष्ट आहे. फवारा हा शेवटचा उपाय असावा, आणि हातमोजे, मास्क, अंगभर कपडे मालकानेच द्यावेत. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेतच, असं आहे. ते मागायला लाजू नका.

फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. मळमळ, चक्कर आली तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच सरकारी दवाखाना गाठा.